डहाणू-तलासरी : दोन दिवसांत तीन डोंगर

शनिवार-रविवारला लागून एखादी सुट्टी आली, की मुंबई-ठाण्यातील मित्रमंडळींच्या गाड्या लोणावळा, माथेरान, अलिबाग या ठरलेल्या वाटांना लागतात. उत्तरेकडे निघणाऱ्यांचा ओढा बहुधा थेट गुजरातकडे असतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका ओलांडला, की मुसळासारखा उभा असलेला एक सुळका दिसू लागतो. देवीचे नाव घेऊन गाडीतूनच हात जोडले जातात आणि गाडी पुढे निघून जाते. डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातील दोन तालुके असंख्य प्रवाशांनी असेच काचेतून पाहिलेले आहेत.

वास्तविक दोन दिवसांच्या छोट्या सहलीसाठी या परिसरासारखा परिसर मुंबईजवळ क्वचितच सापडेल. एका बाजूला समुद्र, मध्ये चिकूच्या वाड्या आणि पूर्वेला सह्याद्रीच्या बाहेरच्या रांगा. मात्र येथे येताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या भागातील मोठी श्रद्धास्थाने भव्य देवळांत सापडत नाहीत. ती डोंगरांशी बांधलेली आहेत. एका डोंगरावर आदिवासी पुजारी ध्वज लावतो, दुसऱ्या डोंगराने पारशांचा पवित्र अग्नी लपवून ठेवला आणि तिसऱ्या टेकडीवर पाड्यांवरच्या मुलांची शाळा उभी राहिली. हे तीन डोंगर पाहिले, म्हणजे डहाणूची ओळख बऱ्याच अंशी होते.

डहाणू हे नावही जुने आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावांची सोय केली, असा उल्लेख त्यात येतो. यातील दाहनुका म्हणजेच डहाणूची नदी असे मानले जाते. वाटसरूंची सोय पाहणाऱ्या या प्रदेशाचा पहिला लेखी उल्लेख प्रवासाच्या संदर्भातच व्हावा, हा सुरेख योग होय.

पहिला डोंगर : मुसळ्या

डहाणू रोड स्थानकापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, महामार्गालगत विवळवेढे गावी महालक्ष्मीचे मंदिर आहे. देवीचे मूळ स्थान मात्र वर, मुसळ्या डोंगरावर. ती खाली का आली, याची कथा या भागात घरोघर सांगितली जाते. एक गरोदर स्त्री देवीच्या दर्शनासाठी डोंगर चढत होती. अर्ध्या वाटेत तिला भोवळ आली. तेव्हा देवीने तिला सांगितले, ‘तू आता वर येण्याचे कष्ट घेऊ नकोस, मीच तुझ्यासाठी पायथ्याशी येते.’ म्हणून पायथ्याशी मंदिर झाले आणि गडावरचे स्थानही राहिले. भक्ताने देवापर्यंत पोहोचण्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. थकलेल्या बाईसाठी देवीने डोंगर उतरल्याची ही कथा त्यामुळेच मनात राहते.

चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, येथे यात्रा सुरू होते आणि ती सुमारे पंधरा दिवस चालते. यात्रेचा गाभा आहे तो ध्वज. डोंगरावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या सातवी या आदिवासी कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ध्वज येतो तो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. जव्हारचे संस्थान चौदाव्या शतकात महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याने स्थापन केले आणि ते १९४८ मध्ये विलीन झाले. संस्थान गेले, तरी ध्वजाची रीत टिकली. रात्रीच्या अंधारात पुजारी ध्वज घेऊन अवघड चढ चढतो आणि खाली हजारो लोक डोळे वर लावून उभे असतात. शहरातील भाविकाला देवीचे दर्शन महत्त्वाचे वाटते. पाड्यांवरून आलेल्या माणसाला ध्वज चढल्याचे पाहणे तितकेच महत्त्वाचे असते.

या यात्रेला आणखी एक बाजू आहे. खरिपाची कामे संपली, दिवाळी झाली, की येथील अनेक वारली, कोकणा, काथोडी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी वसई, भिवंडी, ठाण्याकडे जातात. शिमग्याच्या सुमारास ती परततात. त्यानंतर येणारी महालक्ष्मीची यात्रा म्हणजे विखुरलेल्या नातेवाईकांच्या भेटीगाठींचा, लग्ने ठरवण्याचा आणि पावसाळ्यापूर्वी घरात लागणाऱ्या वस्तूंच्या खरेदीचा काळ. या गर्दीत सहलीसाठी जावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. शांतपणे डोंगर पाहायचा असेल, तर कार्तिक ते माघ हा काळ अधिक चांगला.

गडावरच्या स्थानापर्यंत भाविक पायी जातात. त्यावरचा कातळसुळका मात्र प्रस्तरारोहणाचे शिक्षण आणि साधने असलेल्यांसाठीच आहे. चार मित्र एकत्र आले म्हणजे एखाद्याला सुळक्याकडे बोट दाखवून पैज लावण्याची इच्छा होते. तो मोह टाळलेला बरा.

वाटेवरचे गंजाड

महालक्ष्मीहून डहाणूकडे परतताना गंजाडचा परिसर लागतो. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे येथील कळंबीपाड्याचे. मुळात ही चित्रे लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी काढीत. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखायचा आणि त्यात पालघाट देवीला बसवायचे, हा विधी होता. त्याशिवाय लग्न लागत नसे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या कलाकारांच्या हाती कागद दिला आणि म्हसे यांनी विधीपलीकडचे विषय रंगवण्यास आरंभ केला. मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारपा नाचाचे वर्तुळ त्यांच्या चित्रांत आले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुढच्या पिढ्या आणि परिसरातील अनेक कलाकार आज ही कला जोपासत आहेत. शहरातील दुकानात छापील वारली नक्षीची उशी घेण्यापेक्षा येथे कलाकाराच्या हातचे छोटे चित्र घ्यावे आणि चित्रात काय आहे ते त्याच्याकडूनच समजून घ्यावे. या भागात शेताच्या बांधावर वा झाडाखाली वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेला वाघदेव दिसतो. त्याच्याही मागची समजूत अशा गप्पांतूनच कळते.

दुसरा डोंगर : बहरोट

रात्रीचा मुक्काम बोर्डीला करावा. सुरूच्या झाडांमागे पसरलेला लांबलचक सपाट किनारा आणि ओहोटीच्या वेळी दूर मागे जाणारा समुद्र, एवढ्यावर मित्रांची संध्याकाळ सहज सरते. दुसऱ्या दिवशी मात्र उजाडण्यापूर्वी उठावे लागते. बोर्डीपासून सुमारे आठ किलोमीटरवर, अस्वालीच्या बाजूला बहरोटचा डोंगर आहे. स्थानिक लोक त्याला बारड म्हणतात. उंची सुमारे पंधराशे फूट. ऊन चढण्याआधी चढायला सुरुवात केली, तर दोन तासांच्या आसपास माथ्याजवळच्या गुंफांपाशी पोहोचता येते.

या गुंफांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इराणातून आलेले पारशी गुजरात किनाऱ्यावर संजाण येथे स्थिरावले आणि तेथे त्यांनी ‘इराणशहा’ हा पवित्र अग्नी प्रस्थापित केला. संजाण बोर्डीपासून जवळच, आज गुजरातच्या हद्दीत आहे. पुढे सुलतानाच्या सैन्याने संजाणवर स्वारी केली. स्थानिक हिंदू राजाच्या बाजूने पारशी लढले. परंतु संजाण पडले. वाचलेल्यांनी अग्नी सोबत घेऊन बहरोटचा आश्रय घेतला. १५९९ च्या सुमारास बहमन कैकोबाद याने फारसी पद्यात लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये ही हकिकत येते. त्यानुसार बारा वर्षे अग्नी या डोंगरावर होता. नंतर तो वांसदा येथे आणि तेथून नवसारीला नेण्यात आला. १७४२ पासून तो उदवाडा येथे आहे. संजाण नेमके कधी पडले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस की पंधराव्या शतकात, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

उदवाड्याच्या अग्निमंदिरात पारशांखेरीज इतरांना प्रवेश नाही. बहरोट मात्र संरक्षित स्मारक आहे आणि तेथे कोणीही जाऊ शकतो. ज्या अग्नीचे दर्शन आपल्याला घडू शकत नाही, तो संकटकाळात कोठे जपला गेला, ती जागा आपण पाहू शकतो. कातळात खोदलेल्या गुंफा आणि पाण्याची टाकी पाहताना बारा वर्षांचा काळ डोळ्यांसमोर आणून पाहावा. अग्नी अखंड तेवता ठेवायचा म्हणजे रोज सुके लाकूड हवे, पावसाळ्यात ते कोरडे राखायला हवे आणि धूर शत्रूच्या नजरेस पडू नये याची चिंताही हवी. अवतीभवतीच्या जंगलाने साथ दिल्याशिवाय हे शक्य झाले नसते. पारशी भाविक आजही येथे येऊन प्रार्थना करतात. तेव्हा गुंफेत शिरताना आवाज खाली ठेवावा, पादत्राणे बाहेर काढावीत आणि भिंतीवर नाव कोरण्याचा पराक्रम कोणी करीत असेल, तर त्याला थांबवावे.

माथ्यावरून पश्चिमेला समुद्र आणि त्याच्या अलीकडे हिरव्या गोधडीसारख्या चिकूच्या वाड्या दिसतात. या वाड्यांचाही पारशांच्या इतिहासाशी संबंध आहे. संजाणला आलेल्या पारशांनंतर अनेक शतकांनी, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत, इराणातून झरतुष्ट्री कुटुंबांची दुसरी लाट आली. त्यांना येथे इराणी म्हणतात. डहाणू, घोलवड, बोर्डी परिसरातील बागायत वाढवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, तसाच त्या बागांत राबलेल्या वारली मजुरांचाही. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. कालिपत्ती या जातीचे हे फळ वाडीवरूनच विकत घेतले, तर त्याची खरी गोडी कळते.

तिसरा डोंगर : कोसबाड

बहरोटवरून उतरल्यावर दुपारी घोलवडजवळच्या कोसबाडच्या टेकडीकडे वळावे. पहिल्या दोन डोंगरांच्या मानाने ही लहानशी टेकडी. परंतु तिचे ऋण साऱ्या देशावर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे पन्नासच्या दशकात हे काम कोसबाडला आले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, अशी सर्वांची तक्रार असताना या दोघींनी प्रश्न उलटा मांडला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाकडे का जाऊ नये? मग पाड्यातील अंगणात बालवाडी भरू लागली आणि तिला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरली. खेळणी विकत आणण्याऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच शिक्षणाची साधने झाली.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर पोहोचला. तो ज्या मातीतून वर आला, ती जागा मुंबईहून अवघ्या काही तासांवर आहे, हे किती मुंबईकरांना ठाऊक असते? ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे आत्मकथन सहलीला निघण्यापूर्वी वाचून घ्यावे. महालक्ष्मीच्या कथेत देवी थकलेल्या भक्तासाठी खाली आली. कोसबाडला शाळा मुलांच्या अंगणात गेली. दोन्ही गोष्टींतला जिव्हाळा एकाच जातीचा आहे.

तलासरीचा इतिहास

परतीच्या प्रवासात तलासरी तालुक्यातून महामार्गाला लागावे. राज्याच्या सीमेवरचा हा छोटा तालुका. त्याची बहुसंख्य लोकवस्ती आदिवासी आहे. १९६० च्या राज्यनिर्मितीच्या वेळी जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातमध्ये गेला. महाराष्ट्रात राहिलेल्या गावांत झरी हे गाव आहे. मे १९४५ मध्ये येथे भरलेल्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही, असे ठरवले. त्या वेळी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराच्या घरी आयुष्यभर राबत. अशांना लग्नगडी म्हणत. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा इतिहास आहे. ज्या शेतांकडे आणि वाड्यांकडे आपण निसर्गसौंदर्य म्हणून पाहतो, त्यांच्या बांधाबांधाला हा इतिहास आहे, याचे भान असलेले बरे.

डोंगर हिरवे कसे राहिले?

मुंबई आणि वापी या दोन मोठ्या औद्योगिक पट्ट्यांच्या मध्ये असूनही डहाणूचे डोंगर आणि वाड्या बऱ्याच प्रमाणात टिकून राहिल्या. त्यामागे एक सरकारी कागद आहे. २० जून १९९१ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. तालुक्यातील उद्योगांवर मर्यादा आली आणि तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा संरक्षक पट्टा ठरवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता.

आता चित्र बदलत आहे. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने काही अटींवर वाढवण बंदराला मान्यता दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. प्रकल्पातून रोजगार आणि व्यापार वाढेल, असे सरकार सांगते. मासेमारी आणि किनारा यांचे काय होणार, असा मच्छीमारांचा प्रश्न आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच तालुक्यांतून जात आहेत. बंदर झाल्यावर त्याच्यामागे गोदामे, रस्ते, वसाहती येणार आणि त्यांसाठी लागणारी माती, दगड, पाणी आसपासच्या डोंगरांतूनच घेण्याचा मोह होणार. १९९१ च्या अधिसूचनेची खरी कसोटी यापुढे लागेल.

पर्यटकांच्या हाती या निर्णयांची सूत्रे नाहीत. तथापि, पर्यटनातून स्थानिकांना दोन पैसे मिळाले, तर डोंगर तसाच ठेवण्यात त्यांचे हित राहते. बाटल्यांचा ढीग आणि रात्रभर वाजणारे कर्णे एवढेच त्यांच्या वाट्याला आले, तर ‘हा डोंगर राखून आम्हाला काय मिळाले?’ असा प्रश्न पाड्यावरचा तरुण विचारील आणि तो रास्त असेल. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. बहरोटला गावातला वाटाड्या घ्यावा, जेवण स्थानिक घरी सांगावे, माणसांचे फोटो विचारूनच काढावेत, नेलेला कचरा परत आणावा. ज्या प्रदेशाने परक्यांचा अग्नी बारा वर्षे जपला, त्याच्याकडे दोन दिवस पाहुणे म्हणून जाणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

सहल आखताना

कसे जाल? : पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोड स्थानकापर्यंत एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल धावते. घोलवड, बोर्डीसाठी पुढील गाडी वा रिक्षा मिळते. महालक्ष्मीसाठी डहाणू स्थानकाबाहेरून एसटी आणि खासगी वाहने आहेत. तलासरीला रेल्वे स्थानक नाही.

मोटारीने जाताना : महामार्गावरील चारोटी परिसरात विशेष सावध राहावे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून परतताना येथेच, सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा.

केव्हा जाल? : ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बहरोटची वाट निसरडी होते. चैत्र-वैशाखात ऊन फार.

दिवसांची आखणी : पहिला दिवस महालक्ष्मी, गंजाड, बोर्डी मुक्काम. दुसरा दिवस पहाटे बहरोट, दुपारी कोसबाड, संध्याकाळी तलासरीमार्गे परत. रेल्वेने येणाऱ्यांनी तलासरी वगळून घोलवडहून परतावे.

सोबत काय न्याल? : माणशी किमान दोन-तीन लिटर पाणी, टोपी, चांगले बूट आणि कचऱ्यासाठी एक पिशवी.